स्टेपनीच्या जागी खुर्ची

कोकणातून परत आलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न माशांचा असतो. काय खाल्लंत, ताजं मिळालं का. मी बांगड्यांबद्दल सांगते. दुसरा प्रश्न समुद्राचा. तेही सांगते. पण या खेपेला सांगण्यासारखं जे पाहिलं ते एका उजाड दगडी पठारावर होतं. तिथवर पोचायचं तर आमच्या जीपच्या मागच्या दारावरची स्टेपनी काढायची की ठेवायची, हे आधी ठरायला हवं होतं, आणि तेच काही केल्या ठरत नव्हतं. म्हणून सुरुवात स्टेपनीपासून करते.

माझे वडील मूळचे पूर्णगडचे. सगळी नोकरी बोटीवर गेली, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून. निवृत्त झाल्यावर आई होती तोवर दोघं रत्नागिरीत राहिले, नंतर बाबा आमच्याकडे कोल्हापूरला आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात थोडाफार परत आला, पाय आला नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची. पण खुर्चीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा त्रास व्हायचा. त्यांनी काही मागणंच सोडून दिलं होतं. वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे, बंद केला तरी त्याच बाजूला बघत राहायचे.

गणपती उठले आणि एका सकाळी पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "सड्यावर मासे कोरलेत म्हणे. आपल्या बाजूला, राजापूरच्या वाटेवर."

कोकणात डोंगराच्या माथ्यावरच्या सपाट कातळाला सडा म्हणतात. त्या कातळांवर फार जुन्या काळच्या माणसांनी कोरलेली चित्रं आहेत, प्राणी, मासे, माणसं, हे मी ऐकून होते. बाबांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बघायला हवेत."

मी स्वयंपाकघरात जाऊन विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हलक्या आवाजात सांगितलं, "बाबांनी काहीतरी मागितलं."

"मग जाऊया की," तो म्हणाला. "आपली जीप आणि कशासाठी आहे?"

जीप विनयच्या हौसेची. उंच, तीन दारांची, चारही चाकांना जोर देणारी. तो तिला पुसतो, मी चालवते. चिखल, दगड, चढ, ती कशालाही नाही म्हणत नाही. फक्त तिच्यात सामान मावत नाही, आणि टप कापडी, त्यावरही काही ठेवता येत नाही. मागच्या सीटवर दोन माणसं बसली की संपलं. आणि बाबांची खुर्ची ती नाजूक घडीची नव्हे, खडबडीत जमिनीवरही चालावी म्हणून मुद्दाम घेतलेली, जाड चाकांची.

मी म्हटलं, "स्टेपनी काढून खुर्ची मागच्या दारावर बांधूया."

विनयनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडीचं इंजिन काढायला सांगितलं. "घाट उतरून, सड्यावर, स्टेपनीशिवाय? आणि दिसेल कशी ती? शेंडी काढलेल्या नारळासारखी."

बाबा आतून म्हणाले, "स्पेअर घेतल्याशिवाय बंदर सोडायचं नाही."

दोघं एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार. खुर्ची आत कोंबली, तिच्या शेजारी विनयला कोंबलं, दोघांच्या अंगावर पिशव्या रचल्या आणि आम्ही निघालो.

आंबा घाट आणि पाली

देशावरून कोकणात उतरताना आंबा घाटात एक वळण येतं, तिथं पाऊस संपल्यानंतरच्या दिवसांत थांबल्याशिवाय पुढं जाववत नाही. मागं आमच्याकडची उसाची, भाताची ओळखीची जमीन. समोर जमीन एकदम संपते. खाली ढग. ढगांच्या फटीतून कुठं भातखाचरांचा पोपटी तुकडा, कुठं लाल रस्त्याची रेघ, आणि पार टोकाला आभाळापेक्षा जरा उजळ अशी एक पट्टी, जी समुद्र आहे असं म्हणायचं आणि मान्य करायचं. मी गाडी बाजूला घेतली.

"उतरता का बाबा? पाच मिनिटं बसू कठड्यापाशी."

विनयनं मागचं दार उघडलं. स्टेपनीच्या वजनानं ते दार आधीच जड, त्यात रस्ता उताराचा. ते परत फिरून त्याच्या खांद्यावर आलं. ते धरून ठेवायचं, पिशव्या काढायच्या, मग खुर्ची आडवी करून ओढायची, मग तिची पायपट्टी बसवायची. निम्म्यात असतानाच बाबा म्हणाले, "राहू दे. दिसतंय इथून."

इथून म्हणजे काचेतून. काचेवर धुकं होतं. मी हातानं पुसलं, पण ते बाहेरच्या बाजूला होतं.

पालीला बाजाराच्या दिवसाची गर्दी होती. चहाला थांबलो. रस्त्याकडेला एक आजी चिबूड घेऊन बसली होती. आमच्याकडे चिबूड फारसं कुणाला माहीत नाही. दिसायला पिवळसर काकडी, चवीला न गोड न आंबट. कापून गूळ लावला की मात्र त्याला असा वास सुटतो की त्यापुढं बाकीची फळं मुकी वाटावीत. आजीनं गाडीत बसलेल्या बाबांना पाहिलं.

"ह्या बाजूचेच ना तुम्ही?"

"पूर्णगड," बाबा म्हणाले.

"मग उतरा की. वाईच बसा. गाडीत कसले बसलाव पावण्यासारखे?"

"इथंच बरा हाय मी."

आजीनं एक फोड कापून गूळ लावला, उठून खिडकीपाशी आली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. बाबांनी खाल्ली. रस हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला तो त्यांना डाव्या हातानं पुसता येईना. मी पुसायला गेले तर त्यांनी मान वळवली. तेव्हाच मला वाटलं, ही स्टेपनी आपण उगाच आणली.

पूर्णगड

पूर्णगड म्हणजे समुद्रात पुढं आलेलं डोंगराचं नाक, नाकावर छोटासा किल्ला, एका अंगाला मुचकुंदी नदीची खाडी आणि उतारावर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची कौलारू घरं. किल्ला इतका छोटा की तटावरून बोलत बोलत फिरून येता येतो. पण तटावर उभं राहिलं की नदी समुद्रात शिरताना स्पष्ट दिसते. हिरवट पाणी आणि निळं पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालतात, मधली रेघ वाकडी होत होत पुसली जाते. मी आणि विनय तिथं किती वेळ उभे होतो कोण जाणे. मी दर सुट्टीत इथं येत आले. तरी ती रेघ दर वेळी वेगळ्या जागी असते आणि दर वेळी बघणाऱ्याला गप्प करते.

बाबा खाली धक्क्यावर गाडीत होते.

माझा थोरला चुलतभाऊ मधूदादा गावातच राहतो. त्याची लहानशी होडी आहे आणि घरामागं हापूसची काही कलमं. आम्ही आल्याचं कळलं तसे गावातले लोक धक्क्यावर जमले. आम्ही किल्ल्यावरून उतरलो तेव्हा बाबांच्या खिडकीपाशी चांगली रांग लागली होती. एकेक जण वाकून काचेतून आत डोकावत होता, "काय काका, कसं काय," म्हणत होता आणि मागच्याला जागा करून देत होता. एखादा साहेब गाडीतनंच पाहणी करून निघून जातो तसं ते दिसत होतं. ज्या धक्क्यावरून बाबा पोहायला शिकले, जिथून पेटी घेऊन पहिल्यांदा मुंबईला गेले, त्या धक्क्याला त्यांचा पाय लागला नाही.

घरी पोचल्यावर तर वाईटच झालं. खुर्ची काढायला वेळ लागेल म्हणून मधूदादा आणि विनयनं मिळून बाबांना उचललं आणि पडवीत नेऊन ठेवलं. मधूदादा मायेनंच म्हणत होता, "काका हलके झाल्यात गो." बाबांनी डोळे मिटून घेतले होते. शेजारच्या बायका बघत होत्या. त्या कौतुकानंच बघत होत्या, पण बघत होत्या.

रात्रीचं जेवण मधूदादाच्या बायकोनं, शैलावहिनीनं केलं होतं. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, तांदळाची भाकरी, उकडा भात. आमच्याकडं कोल्हापुरात पाहुण्याच्या ताटात नको म्हणेपर्यंत वाढतात आणि नको म्हटल्यावर तर हमखास वाढतात. वहिनी ताटाकडं बघत बसते, काही बोलत नाही, आणि नेमकं संपायच्या आधी पुढची भाकरी येते. विनय दोन्ही पद्धती मानणारा असल्यामुळं दोन्हीकडं सारखाच जेवतो. बाबा मात्र लवकर उठले. म्हणजे आम्ही त्यांना उठवलं. जाताना ते वहिनीला म्हणाले, "उद्या मी इथंच राहतो. ही दोघं बघून येतील."

खळ्यात

सकाळी मी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गेले तर विनय आधीच जीपच्या मागं उभा होता, हातात पाना घेऊन. रात्रभर आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो हे उघड होतं.

मधूदादाला त्या सड्यावरची वाट माहीत होती, तेव्हा तो बरोबर येणार होता. सामान घरीच राहणार. पण दादा आणि विनय मागं बसले की खुर्चीला जागा नाही. बाबांना उचलायला दोघंही हवेत. खुर्ची दारावर बांधायची आणि टायर मागच्या सीटवर घ्यायचा, हेही करून पाहिलं. टायर विनयच्या छातीशी आला, दादाचे गुडघे कानाशी गेले आणि दार काही लागेना. म्हणजे प्रश्न सरळ होता. टायर किंवा खुर्ची.

बाबा पडवीतून सगळं बघत होते. "मी येत नाही म्हटलं ना," ते म्हणाले. "कशाला खटाटोप?"

मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. "मासे तुम्हाला बघायचेत. मला नाहीत."

"सड्यावर धारेचा दगड असतो. टायर फाटला तर काय करशील? भर समुद्रात दुकान नसतं गो."

"बाबा, तुम्ही काल धक्क्यावर गाडीतून उतरला नाहीत."

"उशीर होत होता."

"कुणाला?"

मग मी जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोलले. "तुम्ही गाडीतच बसणार असाल तर स्टेपनी नेऊन मी कुठं जाऊ? मला तुम्हाला न्यायचंय. गाडीला नाही."

माझा आवाज चढला होता. आत वहिनीची भांडी वाजायची थांबली. विनय चाकाशी वाकून म्हणाला, "पंक्चरचं किट आहे बाबा, हवेचा पंप आहे. भोक पडलं तर मी बुजवतो. तेवढं येतं मला." त्यानं पाना नटाला लावला आणि बाबांकडं पाहत थांबला. आपल्या लाडक्या गाडीची शेंडी तो स्वतःच्या हातानं काढायला निघाला होता, आणि परवानगी मात्र बाबांची मागत होता.

बाबांनी बराच वेळ त्या टायरकडं पाहिलं. मग म्हणाले, "समोरासमोरचे नट आळीपाळीनं ढिले कर. एकच पुरा काढू नको."

टायर खाली आला तो पडवीला टेकवून ठेवला. खुर्ची बांधायला मधूदादानं होडीवरचा दोर आणला. त्यानं बांधली ती बाबांना पटेना. "हलवून बघ. बघ, हलते. खालून फेर घे. आता वरून. आता आण इकडं टोक." दादानं दोराचं टोक पडवीपर्यंत आणलं. बाबांनी ते उजव्या हाताला गुंडाळलं आणि सगळा जोर लावून ओढलं. दोर करकरला. खुर्ची दाराला अशी बसली की जणू ती कारखान्यातूनच तशी आली होती.

"आता नट लाव," ते म्हणाले. नट लावायचे नव्हतेच, गाठ मारायची होती. पण कुणी हसलं नाही.

सडा

पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडी, तिथलं सुरूचं बन, आणि मग रस्ता चढत चढत आडिवऱ्याच्या बाजूला जातो. कुठल्या गावाचा सडा ते मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून कुंपण नाही, आणि गावकऱ्यांची तशी इच्छा आहे.

डांबर संपलं, मातीचा रस्ता संपला, आणि गाडी कातळावर आली. मी ब्रेक दाबला. समोर वाट नव्हती म्हणून नव्हे. समोर फुलं होती.

सड्याचा कातळ एरवी काळा, जळल्यासारखा. पावसाळा सरताना मात्र त्याच्या खळग्याखळग्यांत बोटभर माती आणि बोटभर पाणी साठतं आणि तेवढ्यावर तो फुलतो. जांभळी, नखाएवढी सीतेची आसवं. पांढरे गेंद, बटणांसारखे. मधून पिवळ्या कवल्याची नक्षी. हे सगळं क्षितिजापर्यंत, आणि क्षितिजाखाली समुद्र. माणूस नाही, झाड नाही, तार नाही, फोनला रेंज नाही. वारा आला की जांभळा रंग एका बाजूला कलायचा आणि खालून काळा वर यायचा. कास पाहिलेली माणसं आम्ही. तिथं फुलं पाहायला माणसं येतात. इथं आपण गेलो काय, न गेलो काय, ते चाललेलंच असतं. मला खरंच थोडी भीती वाटली.

दोर सोडून खुर्ची काढायला कितीसा वेळ लागला? विनयनं ती खाली ठेवली, आम्ही बाबांना तिच्यात बसवलं, आणि बाबांनी उजव्या हातानं स्वतःच चाक फिरवून पाहिलं. कातळावर खुर्ची सुरेख चालत होती.

मासे मात्र दिसेनात.

ऊन डोक्यावर होतं. दादा काठीनं दाखवत होता, "हा इथनं पाकट. ही शेपूट. ती पलीकडं मुशी." मुशी म्हणजे शार्क, आणि पाकट म्हणजे तो चपटा, पंखासारख्या कडांचा, लांब शेपटीचा मासा. दादाला तो तिथं दिसत होता. आम्हाला दिसत होते दगडावरचे ओरखडे, कुठं पाण्याचा ओघळ, कुठं शेवाळ. विनय वाकून, बसून, मागं जाऊन पाहून आला. मी उगाच "हो हो" म्हणत होते. बाबांनी दोन्ही बाजूंनी खुर्ची फिरवली, बराच वेळ पाहिलं, आणि सभ्यपणे म्हणाले, "बघितलं. चला."

दोन वर्षांत मागितलेली एकच गोष्ट, आणि ती ही अशी. बाबांना परत गाडीत बसवताना मला त्यांच्याकडं पाहवेना.

गाडी वळवताना गवतात लपलेला एक चिरा मला दिसला नाही. पलीकडं चिऱ्यांची जुनी खाण होती, तिथला कुणीतरी टाकलेला तुकडा असावा. मागचं डावं चाक त्याच्या धारेवरून घासलं आणि आवाज झाला, कापड फाटावं तसा. मग नुसती हवा.

विनय उतरला, गुडघ्यावर बसला आणि तसाच बसून राहिला.

"किट आहे ना?" मी विचारलं.

"किट भोकाला चालतं. ही बगल फाटलीय. माझी बोटं आत जातायत."

मी बाबांकडं पाहिलं. आता ते म्हणतील, सांगितलं होतं. मी ते ऐकायला तयार होते. ते म्हणाले, "मधू, जाशील का रे?"

"जातंय," मधूदादा म्हणाला. "हमरस्त्याला कोणतरी गावेल. स्टेपनी घेऊनच येतंय. तुम्ही जेवून घ्या." आणि तो डोक्याला टॉवेल बांधून फुलांमधून चालत निघाला. बराच वेळ त्याचं डोकं दिसत होतं.

"मला गाडीत नको," बाबा म्हणाले. "बाहेर बसव."

छत्री खुर्चीला बांधली. वहिनीनं दिलेले घावणे आणि लसणीची चटणी खाल्ली. विनय गाडीच्या सावलीत आडवा झाला. बाबा आणि मी समुद्राकडं तोंड करून बसलो. बोलायला फारसं नव्हतं. ते एकदा म्हणाले, "बोटीवरून येताना आधी हा सडा दिसतो. काळी रेघ. ती दिसली की पोरं कपडे बदलायची." खाली एक होडी आली आणि गेली. ऊन हळूहळू कलंडलं. माझाही डोळा लागला असावा.

"बाय," बाबांच्या हाकेनं मी जागी झाले. लहानपणी ते मला बाय म्हणायचे. "इकडं बघ."

ऊन आता आडवं येत होतं. दुपारी जिथं काहीच नव्हतं तिथं, आमच्यापासून थोड्या अंतरावर, कातळातून एक प्रचंड मासा वर येत होता.

दुसरे शब्द मला सुचत नाहीत. सगळ्या खोबणींमध्ये सावली भरली होती. आधी एक कड उमटली, मग दुसरी, मग शेपटी, सरळ, लांब, दोरासारखी. आमच्या बघण्यातच ती काळी होत गेली. आमची जीप त्याच्या पाठीवर उभी राहिली असती आणि तरी पंख बाहेर उरले असते. त्याच्या पलीकडं मुशी निघाली, तिच्याभोवती छोटे मासे. त्याही पलीकडं पाय फाकून उभा एक माणूस. दुपारी आम्ही ह्या सगळ्यांच्या अंगावरून चाललो होतो. मी विनयला हाक मारली. तो डोळे चोळत आला आणि आमच्या मागं येऊन नुसता उभा राहिला. आमच्याच सावल्या लांब होऊन पाकटावर पडत होत्या, त्या बाजूला घ्यायला आम्ही तिघं सरकलो, कुणी न सांगता.

बाबांनी खुर्ची त्याच्या कडेपर्यंत नेली. "हा वरून बघितलेला आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जाळ्यात आलेला पाकट मेलेला असतो. सपाट पडतो, चटईसारखा. ह्याची कड बघ. ही बाजू उचललीय, ती दबलीय. हा पवतोय." त्यांनी उजवा हात हवेत तसा हलवला, एक बाजू वर, एक खाली. "पाणी निवळ असताना होडीत वाकून बघितलं की असा दिसतो. खालून जातो, आवाज नाही, काही नाही. मी बघितलाय. तुझ्या आज्याबरोबर होडीत होतो, पहिल्यांदा. मी ओरडणार होतो, त्यांनी तोंडावर हात ठेवला."

त्यांनी खाली समुद्राकडं पाहिलं, मग परत कातळाकडं. "म्हणजे हा होडीत होता."

"कोण बाबा?"

"ज्यानं काढला तो. होडीत होता, वाकून बघितलं, आणि इतकं चढून इथं आला. विसरायच्या आधी."

किती हजार वर्षं झाली त्याला, ते मला माहीत नाही. जाणकारांतही त्यावर एकमत नाही म्हणतात. मी फक्त एवढं पाहिलं की माझे वडील त्या माणसाबद्दल असे बोलत होते की जणू तो बोटीवरचा त्यांचा सोबती होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांची वाक्यं संपत नव्हती. पाकटाचा काटा कुठं असतो, तो कसा धरायचा, तापलेल्या समुद्रात ते कळपानं कसे वर येतात. विनय मध्येमध्ये विचारत होता. मी नुसती ऐकत होते.

मग ते म्हणाले, "मला खाली ठेवा."

विनयनं माझ्याकडं पाहिलं.

"खाली. दगडावर. उचला मला."

आम्ही त्यांना उचललं. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. शेपटीच्या मुळाशी, कोरड्या जागी, आम्ही त्यांना बसवलं आणि मी पाठीशी टेकू दिला. त्यांनी खोबणीत हात घातला. त्यांचा तळवा तिच्यात बरोबर बसत होता. तळव्यानं ते पुढं पुढं जात राहिले, हात पोचेल तिथपर्यंत, मग म्हणाले, "सरकवा." आम्ही सरकवलं. परत हात, परत सरकवा. असे आम्ही तिघं त्या माशाच्या एका पंखाच्या कडेनं निम्मं अंतर गेलो असू.

टेम्पोचा आवाज आला. तीनचाकी टेम्पो, त्यात उभी आमची स्टेपनी आणि तिला मिठी मारून बसलेला मधूदादा. तो जवळ आला, बाबांना कातळावर बसलेलं पाहून घाबरला. "पडले काय काका?"

"नाही," बाबा म्हणाले. "बस जरा. हा बघ."

"मी लहानपणापासनं बघतंय की."

"तरी बघ."

दादा बसला. मग तो आणि विनय जॅक लावायला गेले. आम्ही दोघं राहिलो. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा पाकट इतका गडद झाला होता की तो आता खरंच हलेल असं वाटलं. मग सूर्य बुडाला. सावली खोबणीतून निघून गेली आणि मासा दगडात परत गेला, शेपटीकडून, हळूहळू. थोड्याच वेळात कातळ नुसता काळा, सपाट कातळ झाला. मागून विनयनं हाक मारली, चाक बसलं होतं, खुर्ची बांधायची होती.

"बाबा, निघूया. आता काही दिसत नाही."

त्यांनी हात काढला नाही. अंधारात त्यांचा तळवा दगडावरून सावकाश पुढं सरकत होता.

"आहे गो," ते म्हणाले. "हाताला लागतोय."